बागेला पाच स्टार, ट्रीपला दीड

पोरगी चौथीत हाय. शाळेचं नाव सांगत नाही, कारण बाकीच्या चार शाळांतल्या पालकांशी बोललो तर थोड्याफार फरकानं सगळीकडं हेच. डिसेंबरात शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडला, शैक्षणिक सहल, शिवाजी विद्यापीठ बॉटनिकल गार्डन व इतर स्थळे, फी ७०० रुपये, डबा घरचा. मला बरं वाटलं. दरवर्षी वॉटर पार्क नाहीतर मॉल, ह्या वर्षी झाडं बघायला नेतायत म्हणल्यावर मी लगेच पैसे मारले. 'व इतर स्थळे' ह्या तीन शब्दांत सगळी गोम होती ते नंतर कळलं.

त्यातच दोन पालक सोबत पाहिजेत म्हणून मॅडमनी विचारलं आणि आमच्या हिनं मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. माझं कोल्हापुरात उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान हाय. सीझन सुरू झालेला, शेतकऱ्यांच्या जळक्या मोटरी दारात रांगेनं पडलेल्या, तरी दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात घातलं आणि गेलो. गेलो ते बरं झालं म्हणा, नाहीतर हे लिहायला मिळालं नसतं.

आधी ट्रीपचं सांगतो म्हणजे तोंड मोकळं होईल. बस सातला येणार होती ती आली आठला. बावन्न सीटच्या गाडीत चौऱ्याहत्तर पोरं, एका सीटवर तिघं, शिवाय आम्ही मोठी माणसं उभी. बसल्या बसल्या ड्रायव्हरनं डॉल्बी लावला आणि पोरं नाचायला लागली, त्यातल्या एकाला पहिल्याच वळणाला उलटी झाली. कॅरीबॅग कुणाकडंच नव्हती. मॅडमच्या हातातला दिवसाचा कागद बघितला तर न्यू पॅलेस, मग बॉटनिकल गार्डन, मग कणेरी मठ, शेवटी रंकाळा आणि भेळ. एका दिवसात! मी म्हणलं मॅडम, बागेला किती वेळ? तर म्हणाल्या, "अर्धा-पाऊण तास, तिथं काय झाडंच तर हायत." ह्यावर मी काय बोलणार.

आता बागेचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही बाग म्हणजे विद्यापीठाच्या बॉटनी डिपार्टमेंटची बाग. विद्यापीठ १९६२ चं, कॅम्पस साडेआठशे एकराच्या वर, सकाळी लवकर गेलासा तर रस्त्यावर मोर आडवे येतात. कोल्हापूरकर तिकडं मॉर्निंग वॉकला जातो, ॲडमिशनला जातो, मार्कशीटला जातो, पण आत एवढी बाग हाय आणि तिला केंद्राच्या पर्यावरण खात्यानं 'लीड बॉटनिकल गार्डन' म्हणून मान्यता दिलीय हे मला स्वतःला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. पार्क नव्हे बरं का. घसरगुंडी, झोपाळा, रंगीत लाईटचं कारंजं असलं काही शोधायला जाऊ नका. आमच्या पोरांनी नेमकं तेच शोधलं. उतरल्या उतरल्या एकजण म्हणला, "सर, कारंजं कुठाय?" हे कारंजं लक्षात ठेवा, पुढं परत येतंय.

शाळेनं आधी पत्र दिलेलं असल्यामुळं तिथली रिसर्च करणारी एक ताई आम्हाला फिरवायला आलती. बारीक अंगाची, पायात स्पोर्ट शूज, टोपी, आवाज मात्र खणखणीत. चौऱ्याहत्तर पोरं बघून तिचा चेहरा एक सेकंद पडला, मग म्हणाली चला. तिचा काहीच दोष नाही हे आधीच सांगतो. पुढच्या पंधरा पोरांना ऐकू जायचं, मागची साठ आपली ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. शेवटी मॅडम ओरडत, लाईन मोडू नका, कशाला हात लावू नका. आता झाडाला हात लावायचा नसेल तर पोराला झाडाजवळ न्यायचं कशाला, वर्गात फोटो दाखवा की. ताई स्वतः पान खुडून हातात देत होती, चुरगाळून वास घ्या म्हणत होती, आणि मागनं मॅडम, हात लावू नका. पोरांनी कुणाचं ऐकायचं?

एक झकास गोष्ट झाली तेवढ्यात. ताईनं एका झाडाखाली सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, हा कोण? पानं लांबट, गर्द हिरवी, नवी पालवी तांबूस आणि ओल्या कापडासारखी खाली लोंबलेली. कुणालाच येईना. ताई म्हणाली हा अशोक, सीतेचा अशोक. तर पोरं हसायलाच लागली, कारण आमच्या शाळेच्या कंपाउंडला ओळीनं उंच सरळसोट झाडं हायत त्यालाच सगळे अशोक म्हणतात, परिपाठात निबंधसुद्धा त्याच्यावर वाचून झालेत. ताई म्हणाली तो अशोक नव्हेच, त्याला आसुपालव म्हणतात, तो सीताफळाच्या कुळातला, आणि हा खरा अशोक चिंच-गुलमोहराच्या कुळातला, ह्याला केशरी-लाल फुलांचे घोस येतात. मी बाजूला उभ्या मॅडमकडं बघितलं, त्या खाली बघायला लागल्या. मलापण माहीत नव्हतं म्हणा. माझ्या लग्नाच्या हॉलबाहेर पण तीच झाडं होती.

पुढं औषधी झाडं. अडुळशापाशी दोन-तीन पोरं बोलली, आमची आजी खोकल्याला ह्याचा काढा देती. शतावरी, निरगुडी, सर्पगंधा बघितली. बांबूच्या बेटापाशी ताई म्हणाली की हे झाड नाही, गवत हाय, जोंधळ्याचा भाऊ समजा, आणि कितीतरी जातींना पन्नास-साठ वर्षांत एकदाच फुलं येतात आणि मग अख्खं बेट वाळून जातं. तेव्हा मात्र मागची पोरंपण गप्प झाली. पण थांबायला वेळ कुठला, शाळेनं दिलेला वर्कशीटचा कागद भरायचा होता. वीस झाडं, तीन रकाने: नाव, उपयोग, पानाचा रंग. पानाचा रंग! पोरांनी वीस वेळा हिरवा लिहिलं. बोर्डावरनं नाव उतरायचं, हिरवा लिहायचं, पुढं पळायचं. आमच्या कार्टीनं एकाला 'पोपटी' लिहिलं तर शेजारची म्हणती, खोडून हिरवा लिही, मार्क कटतील.

आता खरी गोष्ट, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय.

एका बाजूला जाळीच्या शेडमध्ये कुंड्या होत्या, ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीत एक पाटी, पाटीवर लांबलचक नाव. आणि कुंडीत काहीच नाही. नुसती सुकी माती. कुठं एखादी वाळलेली काडी. पोरं खिदळायला लागली, "सर, मातीचं पण नाव असतंय व्हय?" मला पण वाटलं पाणी घालायचं विसरले काय ही माणसं. ताई मात्र इथं आल्यावर एकदम खुलली. म्हणाली ही आमच्या बागेची शान हाय, ही कंदीलपुष्पं, आत्ता झोपलीत. तिथं काम करणाऱ्या मामांनी एका कुंडीतली माती बोटानं अलगद बाजूला केली, आणि आत बटाट्याच्या लहान भावासारखा चपटा कंद. पुढच्या दहा-बारा पोरांनी बघितला. मामांनी परत माती ओढली, जसं झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं. तेवढ्यात शिट्टी. चला, चला, बस. ताईचं वाक्य अर्धवटच राहिलं. पाऊण तास संपलेला.

आणि जाता जाता पार्किंगजवळच्या काटेरी झुडपावर एक वेल होता, त्याच्या केसाळ शेंगा बघून आमच्यातल्या एका पराक्रमी पोरानं मुठीत धरल्या. खाजकुयली. डिसेंबर-जानेवारीत वाळून तयारच असतात शेंगा. पोरगं हात चोळतंय, गाल चोळतंय, रडतंय. शाळेच्या फर्स्टएडच्या डब्यात काय? दोन क्रोसिन आणि एक बँडेजची पट्टी. शेवटी मागनं पळत आलेल्या त्याच ताईनं सांगितलं चोळू नका, कुणाकडं चिकटपट्टी हाय का. वर्कशीटच्या गठ्ठ्याला लावलेली रुंद टेप होती, ती काढून हळूहळू चिकटवून-उचकटून ती कुसं काढली, मग साबणानं धुतलं. दहा मिनिटांत पोरगं शांत. सातशे रुपयात वर्कशीटची टेप तेवढी उपयोगाला आली म्हणायची.

कणेरी मठाला पोचलो तर अडीच वाजलेले, डबे खाल्ले, अर्धी पोरं पेंगलेली, रंकाळ्याला अंधार. घरी आल्यावर पोरीला विचारलं काय बघितलंस, तर म्हणती, "मातीच्या कुंड्या." आणि थोड्या वेळानं, "पप्पा, ते उठणार कधी?"

हा प्रश्न डोक्यात बसला. म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, डिपार्टमेंटला आधी विचारून, आम्ही दोघंच गेलो. गाडीवरनं, रेनकोट घालून. आणि काय सांगू तुम्हाला. त्याच कुंड्या! काठ्यांवर वेल चढलेले, काही नुसते सरळ उभे, आणि प्रत्येकाला फुलं. फूल म्हणजे आपल्या डोक्यात जे पाकळ्यांचं असतं तसं नव्हेच. खाली फुगीर, मधे नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकाला चिकटून दिव्याच्या काचेसारखी जाळी झालेली. खरंच कंदील. एक हिरवट, एक जांभळ्या ठिपक्यांचं, एकाच्या आतनं केस. बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं. मी बारीक तारेची कॉइल भरणारा माणूस, बारीक काम ओळखतो, आणि असलं फिनिशिंग मी कुठं बघितलेलं नाही.

नशिबानं तीच ताई भेटली. ह्या वेळी समोर चौऱ्याहत्तर नव्हे, दोन माणसं. तिनं एक तास दिला. म्हणाली, ह्या फुलाला येणारी गिऱ्हाईकं म्हणजे बारीक चिलटं. वासानं येतात, वरच्या खिडकीतनं आत शिरतात, नळीतनं घसरत खाली जातात. नळीच्या आत केस असतात, सगळे खालच्या बाजूला तोंड केलेले, त्यामुळं आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. मी एकदम म्हणलं, अहो हा तर फूटव्हॉल्व्ह! विहिरीत मोटरीच्या पाइपला खाली जो बसवतो तो, पाणी वर येऊ देतो आणि परत जाऊ देत नाही. ताई हसली, म्हणाली बरोबर, पण तुमचा व्हॉल्व्ह कायमचा, ह्यांचा एका दिवसाचा. चिलट आत कोंडलं की ते धडपडतं, त्याच्या सोंडेला परागाच्या पिशव्यांची जोडी चिकटते. मग केस सुकून गळून पडतात, फूल मान टाकतं आणि चिलट सुटतं, पुढच्या फुलात जाऊन परत अडकतं, आणि ती पिशवी तिथं पोचती. म्हणजे मारत नाही, खात नाही, नुसतं एक मुक्काम करायला लावतं. पोरगी म्हणती, "म्हणजे ट्रीपच की."

मग ताईनं सांगितलं की हे आपल्या रुईच्याच कुळातलं. रुईच्या बोंडातनं उडणारी म्हातारी बघितलीस ना, तशीच ह्याची पण बी, जोडीनं शेंगा, आत रेशमी केसांची बी. आणि नाव. शास्त्रीय नाव सेरोपेजिया, लिनियसनं १७५३ मध्ये दिलेलं, ग्रीक शब्द दोन, अर्थ मेणाचं कारंजं. मला तो डिसेंबरातला पोरगा आठवला, सर कारंजं कुठाय म्हणणारा. त्याच्यापासून वीस पावलांवर कुंडीत होतं की रे बाबा, पण झोपलेलं.

ह्यातल्या बऱ्याच जाती फक्त आपल्या सह्याद्रीत, जगात दुसरीकडं कुठं नाहीत. काहींची तर एखाद्या डोंगरावर, एखाद्या सड्यावर (म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठारावर) मोजकी झाडं. कंद खायला चांगला लागतो म्हणून गुराखी खणतात, रानडुकरं उकरतात, गुरं शेंडे खातात, राहिलेलं सडे खणून नाहीतर बंगले बांधून जातं. विद्यापीठातल्या डॉ. एस. आर. यादव सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं डोंगर पालथे घालून ही झाडं शोधली, इथं वाढवली, रोपं करून परत रानात लावली. हे आपल्या गावात झालंय, आणि आपल्याला तांबडा-पांढरा आणि चप्पल सोडून गावाचं काही सांगता येत नाही. (तांबड्या-पांढऱ्याबद्दल वाईट बोलत नाही, गैरसमज नको.)

तर माझी तक्रार एवढीच हाय की शाळांच्या सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत, का तर परीक्षा झालेली असती, पाऊस नसतो, बसवाला मिळतो, गॅदरिंगच्या आधी उरकून टाकायचं. आणि सह्याद्रीतली निम्मी गंमत असती जुलै ते सप्टेंबर. तेरडा, कंदीलपुष्पं, आभाळी, रानहळद, सगळं पावसाळी, दिवाळीनंतर जमिनीखाली. म्हणजे आपण पोरांना दुकान बंद असताना खरेदीला नेतोय आणि वर विचारतोय काय आणलंस. डिसेंबरात मोठी झाडं हायतच, ती बघा, अशोक बघा, बांबू बघा, बिनकामाचं नाही ते. पण मग वेळ तरी द्या.

जाणाऱ्यांसाठी, आणि शाळेच्या कुणी सर-मॅडम वाचत असतील तर त्यांच्यासाठी पण. नुसती बाग ठेवा, दुसरं काही नको, फार तर कॅम्पसमध्येच डबा खा. एका खेपेला एकच तुकडी, त्यातपण पंधरा-वीस पोरांचा गट. डिपार्टमेंटला आधी पत्र द्या आणि पत्रात विचारा की आत्ता काय फुललंय, ते लोक आनंदानं सांगतात. पायात चप्पल नको, बूट, पावसाळ्यात चिखल आणि मुंग्या असतात. पाच-सहा भिंगं घेऊन जा, उद्यमनगरात नाहीतर महाद्वार रोडला स्टेशनरीत स्वस्तात मिळतात, एका भिंगानं पोरगं जेवढं शांत बसतं तेवढं शिट्टीनं बसत नाही. चिप्सची पाकिटं बसमध्येच ठेवा. आमच्या पोरांनी टाकलेली मी आणि दुसऱ्या पालकांनी उचलली, चौदा होती. चिकटपट्टी न्या (कारण वर आलंय). आणि तो पानाचा रंगवाला रकाना कृपा करून काढून टाका, त्याच्या जागी एकच फूल काढायला सांगा, पेन्सिलीनं, बघून. माझ्या पोरीनं ऑगस्टमध्ये वहीत एक कंदील काढला, अर्धा तास लागला, नळीतले केससुद्धा काढले, खालच्या दिशेनं.

रेटिंग द्यायचं तर बाग पाच पैकी पाच. ताईला आणि मामांना जेवढे देता येतील तेवढे. ट्रीपला दीड, एक खाजकुयलीच्या पोराला सांभाळणाऱ्या आमच्या वर्गशिक्षिकेसाठी, कारण त्या बाईनं स्वतःच्या ओढणीनं त्याचा हात पुसला आणि नंतर दिवसभर स्वतः खाजवत बसल्या, आणि अर्धा भेळेला. भेळ चांगली होती.

ऑगस्टमध्ये निघताना पोरगी एका कुंडीपाशी अडून बसली. फुलाच्या फुगवट्याला उजेडाकडनं बघितलं तर आत एक काळा ठिपका हलत होता. चिलट. ते सुटताना बघायचंच म्हणती. ताई म्हणाली अगं उद्या सुटेल ते. दुसऱ्या दिवशी तिची शाळा, युनिट टेस्ट. शेवटी मीच सकाळी दुकान उघडायच्या आधी एक चक्कर मारली. फूल मान टाकून मऊ पडलेलं, उजेडात धरून बघितलं, आत काही नाही. फोटो काढून आणला. संध्याकाळी तिनं फोटो मोठा करून करून बघितला आणि म्हणाली, "बरं झालं. त्याला पाऊण तासापेक्षा जास्त मिळालं."